शाळा-कॉलेजच्या नेटवर गेम बंद, चॅट बंद! तुमच्या वेळी काय चालायचं?

माझ्या भाचीच्या शाळेतल्या लॅबमध्ये गेमची कुठलीही साइट उघडली की 'परवानगी नाही' असं पान येतं. चॅटचंही तेच. पण पोरी गप्प बसतील होय? 'भूगोल प्रकल्प' नावाची गुगल डॉक्सची फाइल चौघी एकाच वेळी उघडून बसतात. वर गोदावरीच्या उपनद्या, खाली पानभर कुचाळक्या. मॅडम फिरकल्या की खालचं सगळं खोडायचं. ऐकून मला जुने दिवस आठवले. तुमचेही किस्से येऊ द्यात. लॅब सांभाळणाऱ्यांनीही लिहा, त्यांची बाजू कोणी ऐकतच नाही.

एक्सपीवाला

आमच्या शाळेत इंटरनेटच नव्हतं, नुसती मशीनं एकमेकांना जोडलेली. तरी चॅट चालायचं. स्टार्ट, रन, सीएमडी. मग 'नेट सेंड', समोरच्या मशीनचं नाव आणि मजकूर. त्याच्या पडद्यावर मधोमध राखाडी चौकोन टपकायचा, ओके दाबेपर्यंत हटायचा नाही. नावाच्या जागी चांदणीचं चिन्ह (*) टाकलं की निरोप सगळ्यांना जातो, हे एकाला कुठूनतरी कळलं. त्याने 'सर पेंगतायत' असं पाठवलं. सरांच्या मशीनवरही गेलं, आणि चौकोनात वरच 'अमुक मशीनकडून' असं छापलेलं असतं! विंडोज एक्सपीच्या २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने ही सोय मुळातच बंद ठेवली. पण आमच्या लॅबमध्ये तो पॅक टाकणार कोण?

तिसरा मजला

इंजिनीअरिंगचं होस्टेल, ऑर्कुट या सोशल साइटचा काळ. ऑर्कुट बंद होतं, पण पत्त्यात एचटीटीपीच्या पुढे एक एस जोडला की सुरू! कॉलेजची चाळणी (फिल्टर) फक्त साध्या पत्त्यांकडे बघायची. ते भोक पुढे बुजलं.

खरी मजा काउंटर स्ट्राइक १.६ या गेमची. फायरवॉल बसलेली असते कॉलेजच्या वेशीवर, बाहेर जाणाऱ्या-येणाऱ्याची झडती घ्यायला. होस्टेलच्या आत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत काय जातं त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यामुळे रात्री नेट बंद झालं की उलट गेम रंगायचा. पुढे ॲडमिनने प्रत्येक मजल्याचं व्हीलॅन, म्हणजे आतलं जाळं, वेगळं केलं. गेम सर्व्हर शोधायला हाळी घालतो, ती मजल्याबाहेर जाईना. दुसऱ्या मजल्यावरची पोरं यादीत दिसेनात. मग काय, खिडकीतून खाली केबल सोडली. टोकांना आरजे-४५ चे कनेक्टर आम्हीच चिमटवले, नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी असा आतल्या तारांचा क्रम पुटपुटत. पावसाळ्यात त्या केबलवर लोकांचे टॉवेल वाळत असायचे, वॉर्डनना शेवटपर्यंत ती दोरीच वाटली.

पेनड्राइव्ह

आमच्याकडे चालणारी नवी प्रॉक्सी साइट (बंद साइट स्वतःमार्फत उघडून देणारी) सांगणाऱ्याला वडापाव मिळायचा. मात्र त्या साइटवर टाकलेला पासवर्ड ती चालवणाऱ्याला वाचता येतो, हे कुणाच्या गावी नव्हतं. वर्गातल्या दोघांची ऑर्कुट खाती अशीच गेली.

लॅबमधला सर

बाजू विचारलीत म्हणून लिहितो. तालुक्याची शाळा, ५१२ केबीपीएसची एक लाइन, तिच्यावर अख्खी लॅब. शिष्यवृत्तीचे फॉर्म त्याच लाइनवर भरायचे. दोघांनी व्हिडिओ लावला की फॉर्मचं पान अर्ध्यात लटकायचं आणि पालक माझ्या डोक्यावर उभे. म्हणून स्क्विड प्रॉक्सी बसवून घेतली, म्हणजे लॅबमध्ये येणारं प्रत्येक पान गाळून देणारं सॉफ्टवेअर. बसवणाऱ्याने बंद शब्दांची यादी तयारच आणली होती, त्यात 'चॅट'. पत्त्यात कुठेही सी-एच-ए-टी ही चार अक्षरं लागोपाठ आली की पान बंद, आणि शोधलेले शब्दही पत्त्यात येतात. शिवजयंतीच्या आदल्या दिवशी पोरं भाषणाची माहिती शोधायला आली. छत्रपतींचं स्पेलिंग बरेच लोक एकच एच घालून करतात. झालं! मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, "महाराजांना तुम्ही बंद केलंत?"

आणि भाचीला सांगा, डॉक्समधलं खोडलेलं जात नाही. आवृत्तींच्या इतिहासात सगळं मिळतं. मी बघतो, पण बोलत नाही.

जर्सीकर

इथे अमेरिकेत शाळेच्या क्रोमबुकवर (गुगलच्या क्रोमवर चालणारा लॅपटॉप) चाळणी मुलाच्या खात्यालाच चिकटलेली असते, घरच्या वायफायवरही सुटका नाही. 'सरकारी कायदाच आहे' असं शाळा म्हणते. सन २००० चा कायदा आहे खरा, केंद्राचं इंटरनेट अनुदान घेणाऱ्या शाळांना लागू. पण तो मुलांना अश्लील, हानिकारक चित्रं दिसू नयेत यासाठी आहे. गेम बंद करणं हा शाळेचा स्वतःचा निर्णय, कायद्यात तसं काही नाही. क्रोमचा तो उड्या मारणाऱ्या डायनासोरचा गेमही बंद करून ठेवलाय! त्याला तर नेटही लागत नाही.

एक्सपीवाला

सर, महाराजांचा किस्सा जबरी. 'गेम' शब्दावर काय काय अडकलं?

लॅबमधला सर

२०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या बातम्या. पत्त्यात 'गेम्स' असायचंच ना! क्रीडाशिक्षक स्पर्धा संपेपर्यंत माझ्याशी बोलत नव्हते.