जुलाबांची साथ: अहवाल येण्याआधी पहिली सूचना काढावी का?

प्रश्न
एका वस्तीत दोन दिवसांत पाण्यासारखे जुलाब झालेले बरेच रुग्ण आलेत. संशय कॉलऱ्याचा आहे, पण नमुन्यांचा अहवाल यायचाय. तोवर थांबावं का? मसुदा असा: "घाबरू नका. स्वच्छता पाळा. पाणी शुद्ध करून प्या."

उत्तर १
थांबू नका. कॉलऱ्यात उपचार न मिळाल्यास रुग्ण काही तासांत दगावू शकतो. शिवाय अहवाल काहीही आला तरी पाणी उकळणं आणि ओआरएस (मीठ-साखरेचं द्रावण) पाजणं बदलणार नाही.

"घाबरू नका" काढून टाका, त्याने भीती जात नाही. "शुद्ध करा" म्हणजे नेमकं काय? लिहा: पाण्याला खळखळून उकळी आली की १ मिनिट तशीच ठेवा, झाकून गार करा, त्याच भांड्यात ठेवा, हात बुडवू नका. उकळलेलं पाणी न धुतलेल्या हंड्यात ओतलं की सगळं वाया जातं.

ओआरएसचं मापही द्या. १ लिटरचं पाकीट असेल तर ते पूर्ण १ लिटर पाण्यातच. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात साखर ६ सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. "सपाट चमचा" हे शब्द ठळक छापा: मीठ जास्त झालं तर लहान मुलांना धोका, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. २४ तासांनी उरलेलं फेकावं.

उत्तर २
मसुद्यात धोक्याची लक्षणं लिहायची राहिली: डोळे खोल जाणं, लघवी कमी होणं, सुस्ती, पाणीही पिता न येणं. लगेच खाली उपचार केंद्राचा पत्ता, वेळ आणि "वाटेतही ओआरएस पाजत राहा". नुसती भीती घातली तर लोक रुग्णाला लपवतात. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलावर इलाजच नाही असं सांगितलं गेलं, तेव्हा अनेक कुटुंबांनी रुग्ण घरीच ठेवले.

उत्तर ३
"कॉलऱ्याचा संशय आहे, तपासणी सुरू आहे, पुढची माहिती आज संध्याकाळी ६ वाजता" असं सरळ लिहा. आणि ६ वाजता सांगाच, नवं काही नसलं तरी. सूचनेच्या चित्रावरच तारीख नि क्रमांक टाका, नाहीतर जुनी सूचना आठवडाभर फिरत राहते.

"क्लोरीनमुळेच जुलाब होतात" ही अफवा येईलच. खोडताना आधी खरं सांगा: पाण्याला येणारा वास क्लोरीन या औषधाचा आहे, त्याने जंतू मरतात, पाण्यात टाकल्यावर ३० मिनिटं थांबून प्या. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतं, म्हणून आधी निवळून, गाळून घ्यायला सांगा. अफवेचं वाक्य मथळ्यात नको. वरवर वाचणाऱ्याच्या लक्षात तेवढंच राहतं.