अनुभव धागा: स्मरणिकेत नसलेलं कॉलेज

आमच्या महिला कॉलेजची जुनी स्मरणिका माळ्यावर सापडली. निम्मी पानं देणगीदारांच्या फोटोंची, मग अध्यक्षांचं मनोगत, मग इमारतीचा नकाशा. मुली एकाच फोटोत, पाहुण्यांना ओवाळताना, त्याही पाठमोऱ्या. (फोटो टाकलाय.) म्हणून हा धागा. कोकणातल्या अशा लहान खासगी कॉलेजात तुम्ही, आई, आत्या, कुणीही शिकलं-शिकवलं असेल तर लिहा. संस्थेचं नाव नको.

सुरुवात मीच करते. दापोली तालुका, १९८९. बाबांची अट एकच: 'मुलींचं असेल तर जा.' कॉलेज म्हणजे हायस्कूलच्या दोन खोल्या, दुपारी त्यांची शाळा भरायच्या आत रिकाम्या करायच्या. वेळापत्रक येष्टीने ठरवलेलं. वस्तीची गाडी सकाळी सहाला सुटायची, ती चुकली की दिवस गेला. पावसाळ्यात पहिला तास ओढण्या पिळण्यात. वर्गात अकरा जणी. गावात हसायचे, 'अकरा पोरींचं कॉलेज!'

देवरुखची लेक:
अकरा म्हणजे चंगळ! महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा पहिल्या कॉलेजात पाचच होत्या. कर्वे तुमच्या दापोलीजवळच्या मुरुडचे, १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून गावानं वाळीत टाकलेले. ती विधवा म्हणजे गोदूबाई, ज्यांना पुढे 'बाया कर्वे' म्हणायचे; त्या आणि त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले आमच्या देवरुखच्या. पार्वतीबाई तर कर्व्यांच्या विधवाश्रमासाठी वर्गणी मागत अमेरिकेपर्यंत गेल्या. पुढे १९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, तेच आजचं एसएनडीटी. देणगीदाराचंच घराणं, पण निदान नाव बाईचं! माझी आजी तिथल्याच परीक्षेला बाहेरून बसली. पेपर मराठीतून लिहिता यायचे म्हणूनच जमलं, म्हणायची.

तासिका तत्त्वावर:
नऊ वर्षं शिकवलं. मानधन कधी दिवाळीला, कधी थेट शिमग्याला. मे महिन्यात आम्ही बारावी झालेल्या मुलींच्या घरोघर फिरायचो. ऐन आंब्याचा हंगाम, कुणाला बोलायला वेळ? मग आम्हीही पेंढ्यात हापूस रचत आयांशी बोलायचो. कुडाळकडची एक आजी नातीला म्हणाली, "शिकान काय कलेक्टर होतलंस?" नात आली. दुसऱ्या वर्षी लग्न ठरलं, गेली. पट असाच गळायचा, आणि पट गळला की आमचे तासही.

वेंगुर्ल्याची:
मला नाही आवडलं आमचं कॉलेज. ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट, चावी शिपाईमामांकडे आणि मामा भातलावणीला. सोमवारी साडीची सक्ती. पुढे पट भरेना म्हणून मुलांनाही प्रवेश दिला, तेव्हा हळहळणाऱ्यांत मी नव्हते.
मैत्रिणी मात्र तिथल्याच टिकल्या, हेही लिहायला हवं.

आता पनवेलला:
अगं, त्या फोटोत डावीकडून दुसरी मी! वेणीवरून ओळखलं. ओवाळणीचं चांदीचं ताट आमच्या घरचं होतं, आईनं दिलेलं. कार्यक्रमानंतर ते ऑफिसात ठेवलं, ते अजून परत आलेलं नाही. कुणी जाणार असाल तिकडे तर बघा. मागे आईच्या माहेरची अक्षरं कोरलेली आहेत.