आयव्हीएफचं यश एक क्लिनिक म्हणतं ७५ टक्के, दुसरं ३०. कोणाचं खरं मानायचं?

मृणाल_मिरज

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ३६, नवरा ३९. लग्नाला सहा वर्षं झाली. दोन आययूआय (शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडतात ते) केले, दोन्ही वाया गेले. माझं एएमएच (बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी) १.१ आलंय, ह्यांचा शुक्रजंतूंचा काउंट ८० लाख. आता आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा, असं दोन्हीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं. इथल्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्या वयाला एका खेपेला तीस टक्क्यांच्या आतच धरून चला." पुण्यातल्या एका मोठ्या क्लिनिकमध्ये काउन्सेलर मुलीने लॅपटॉप आमच्याकडे वळवला, त्यावर ७५ टक्के. तीन सायकलचं, म्हणजे तीन खेपांचं, पॅकेज ४ लाख ६० हजार. त्यात स्क्रॅचिंग (गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा देतात ते) मोफत, भ्रूणांच्या जेनेटिक टेस्टचे पैसे वेगळे.

सासूबाई म्हणतात, जिथे ७५ तिथेच जा, पैशाकडे बघू नका. त्या स्वतःच्या पाटल्या मोडायला निघाल्यात. ह्यांनी पीएफ काढायचा अर्ज भरून ठेवलाय. म्हणूनच मला रात्री झोप लागत नाही. बाई तीच, वय तेच, मग एकीकडे ३० आणि दुसरीकडे ७५ कसे? कोण खोटं बोलतंय?

सुखदा_जोशीवाडा

मृणाल, आम्ही पुण्यातच केलं. पहिल्याच खेपेला जुळी, आता दोघं बालवाडीत जातात. आकड्यांच्या मागे लागू नका. ताण घेतला की शरीर साथ देत नाही. चांगल्या डॉक्टरवर विश्वास ठेवा आणि मन प्रसन्न ठेवा. होईल सगळं छान.

गणिताच्या_बाई

मृणाल, वयाने मोठी आहे म्हणून तुला 'तू' म्हणते. कदाचित कोणीच खोटं बोलत नसेल. दोघांचा छेद वेगळा असेल.

मी सातारा जिल्ह्यात हायस्कूलला गणित शिकवते. टक्केवारी दिसली की आधी विचारायचं, 'कशाची?' हे मुलांना वर्षानुवर्षं घोकवते. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र विचारलं नाही. २०१७ साली आम्ही एका क्लिनिकमध्ये गेलो. भिंतीवर ६० टक्के लिहिलेलं. मी ३५ ची. साठ म्हणजे निम्म्याहून जास्त, एवढाच विचार केला आणि सही केली.

चौदाव्या दिवशी बीटा एचसीजी (गर्भ राहिल्याची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली. नर्सनी पेढे मागितले, ह्यांनी आणूनही दिले. पुढच्या आठवड्यात आकडा वाढायच्या ऐवजी उतरला आणि सहाव्या आठवड्यात सगळं संपलं. नंतर फॉलोअपला गेले तेव्हा धीर करून तिथल्या ज्युनियर डॉक्टरांना विचारलं, त्या साठात कोण कोण धरता? त्या सरळ म्हणाल्या, ज्यांची बीटा पॉझिटिव्ह येते त्या सगळ्या. म्हणजे त्या साठात मी होते. रिकाम्या ओटीने घरी आले होते आणि त्यांच्या हिशेबात मी यशस्वी होते. मला हे आजही पचत नाही.

ही झाली अंशाची गोष्ट. आता छेद. समजुतीसाठी धर, शंभर जणींनी इंजेक्शनं सुरू केली. काहींची सायकल मध्येच थांबवावी लागते. काहींची बीजं मिळतात पण फळत नाहीत, काहींचे भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत टिकत नाहीत. ट्रान्सफरपर्यंत, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्यापर्यंत, पोचल्या सत्तर, आणि मूल झालं एकवीस जणींना. सत्तरात एकवीस म्हणजे ३० टक्के. शंभरात एकवीस म्हणजे २१. दोन्ही गणितं बरोबर आहेत. पण पैसे शंभर जणींनी भरलेले असतात आणि सुयाही शंभर जणींनी पोटात टोचून घेतलेल्या असतात. मधल्या तीस जणी हिशेबातून गळतात. त्यात डोनरची बीजं घेतलेल्या मिसळल्या की आकडा आणखी फुगतो, कारण तिथे वय डोनर मुलीचं धरावं लागतं. आपल्या कायद्याने ती २३ ते ३५ मधली असते.

म्हणून पुन्हा जाशील तेव्हा हे कागदावर लिहून ने: गेल्या वर्षी माझ्या वयाच्या, स्वतःचीच बीजं वापरणाऱ्या किती जणींनी इंजेक्शनं सुरू केली, आणि त्यातल्या किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या? एवढंच विचार, पण शब्द बदलू देऊ नकोस.

तुलनेला काहीतरी हवं म्हणून सांगते. ब्रिटनमध्ये एचएफईए नावाची नियामक संस्था १९९१ पासून प्रत्येक सायकलची नोंद ठेवते आणि क्लिनिकनिहाय आकडे सगळ्यांसमोर मांडते. त्यांचे २०१९ चे आकडे माझ्या वहीत आहेत. सोडलेल्या दर भ्रूणामागे मूल होण्याचं प्रमाण पस्तिशीच्या आत ३२ टक्के, ३५ ते ३७ ला २५, ३८-३९ ला १९, ४० ते ४२ ला ११, ४३-४४ ला ५. तिथल्या बायका वेगळ्या, लॅब वेगळ्या, त्यामुळे हे जसेच्या तसे स्वतःला लावू नकोस. पण वयाबरोबरची उतरण बघ. छत्तिसाव्या वर्षी कोणी ७५ सांगितले तर 'कशाचे?' हे विचारायचं बळ या तक्त्याने मिळतं. तुझ्या मिरजेच्या मॅडम याच्या आसपासचं बोलतायत.

सुखदा, तुमच्या जुळ्यांना खूप आशीर्वाद. पण ज्यांना झालं त्याच बहुधा इथे लिहितात, म्हणून मीही लिहिते. आम्हाला मूल झालं नाही. तीन सायकल केल्या, शेवटची २०२० च्या फेब्रुवारीत. पहिली फसल्यावर आम्ही दोघांनी बसून ठरवलं होतं: अजून दोनच, आणि पीएफला हात लावायचा नाही. तिसरीनंतर चौथीवर सूट देऊ केली होती. मी ३८ ची झाले होते, तक्त्यात एक ओळ खाली. वहीत तिन्ही खेपांना मिळालेल्या बीजांचे आकडे होते, ७, ५ आणि ४. आम्ही थांबलो. खूप रडले, पण तो निर्णय आमचा होता. सूट मिळते म्हणून घेतलेला नव्हता.

लॅबमधून

बारा वर्षं एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, लॅबमध्ये भ्रूण वाढवण्याचं काम. नोकरी क्लिनिकमध्येच आहे, म्हणून गाव सांगत नाही. बाईंचा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारावा असं वाटतं.

विचारताना अवघडू नका. २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याच्या कलम २१ प्रमाणे त्या क्लिनिकमध्ये यशाची शक्यता किती, फायदे-तोटे काय, खर्च किती, जुळ्या-तिळ्यांचा धोका काय, हे जोडप्याला सांगणं क्लिनिकचं कर्तव्य आहे. क्लिनिकांना राष्ट्रीय नोंदणीकडे माहिती द्यावी लागते. पण ब्रिटनसारखा वयानुसार, क्लिनिकनिहाय तक्ता आपल्याकडे पेशंटच्या हातात येत नाही. त्यामुळे तोंडाने विचारणं भागच आहे.

स्क्रॅचिंग मोफत असलं तरी घेऊ नका. न्यूझीलंडच्या संशोधकांनी १३६४ बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाचं स्क्रॅचिंग केलं, दुसऱ्याचं नाही. २०१९ मध्ये निकाल आला: दोन्हीकडे मूल होण्याचं प्रमाण २६.१ टक्के. दुखणं तेवढं पदरात पडतं. जेनेटिक टेस्टला, म्हणजे पीजीटी-एला, एचएफईएने बहुतेक पेशंटच्या बाबतीत मूल होण्याची शक्यता वाढवण्यासाठी लाल शेरा दिलाय. गर्भपात कमी होण्यासाठी हिरवा आहे, हेही सांगायला हवं. पण तुमचं एएमएच १.१ आहे. हाताशी दोन-तीनच भ्रूण आले तर त्यातून निवडणार काय?

एएमएचने खचूनही जाऊ नका. इंजेक्शनांनी बीजं साधारण किती मिळतील याचा तो अंदाज आहे. बीजांचा दर्जा मुख्यतः वयावर ठरतो.

इक्सीचं (बीजात एकच शुक्रजंतू सुईने सोडतात त्याचं) मात्र वेगळं. काउंट चांगला असताना सरसकट इक्सी करून फायदा दिसलेला नाही, व्हिएतनाममध्ये १०६४ जोडप्यांवर तपासून झालंय. तुमच्या मिस्टरांचा ८० लाख आहे, डब्ल्यूएचओची खालची मर्यादा मिलीलिटरला १ कोटी ६० लाख, म्हणजे तुमच्याकडे कारण आहे. पण तो रिपोर्ट एकदाच केलाय का? शुक्रजंतू तयार व्हायला जवळपास अडीच महिने लागतात. त्या काळात जोराचा ताप येऊन गेला असेल तर रिपोर्ट बिघडतो. पुन्हा करा.

आणि ताणाबद्दल. १४ अभ्यासांतल्या ३५८३ बायकांची माहिती २०११ मध्ये एकत्र तपासली गेली. उपचाराआधी मनावर ताण होता म्हणून गर्भ राहिला नाही, असं त्यात दिसलं नाही. माझ्या टेबलासमोर बसून कितीतरी जणी स्वतःलाच दोष देतात. कृपा करून तो दोष घेऊ नका.

सुखदा_जोशीवाडा

ताणाचं मी ऐकीव लिहिलं होतं. मलाही सगळे तेच सांगायचे. बाई, मनाला लागलं असेल तर माफ करा.

शीतल_फोंडा

गोव्यात कोणी वाचत असेल तर, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) २०२३ पासून आयव्हीएफ मोफत सुरू झालंय. खाजगीत कर्ज काढण्याआधी तिथे चौकशी करा.

मृणाल_मिरज

तीन आठवड्यांनी लिहितेय. दोन्हीकडे कागद घेऊन जाऊन आले.

पुण्यात त्या मुलीला उत्तर येईना, तिने सीनियरना बोलावलं. ७५ म्हणजे तीन खेपा मिळून बीटा पॉझिटिव्ह आलेल्या, सगळी वयं एकत्र, डोनरवाल्याही धरून. माझ्या वयाचं वेगळं काढून देता का विचारलं, तर मेल करतो म्हणाले. मेल अजून आलेली नाही.

मिरजेच्या मॅडमनी रजिस्टरच उघडलं. माझ्या वयोगटात त्यांच्याकडे वर्षभरात तीसही जणी नव्हत्या. त्या स्वतःच म्हणाल्या, "एवढ्या थोड्यांत एक जण इकडची तिकडे झाली तरी तीन-चार टक्क्यांनी हलतं, म्हणून मी भिंतीवर काही लावत नाही." तिथेच मन बसलं.

ह्यांना दिवाळीत टायफॉइड झाला होता आणि रिपोर्ट डिसेंबरचा! मार्चमध्ये परत करणार, मगच सुरुवात. स्क्रॅचिंग नाही, पीजीटी नाही. दोन खेपा ठरवल्यात, तिसरी नाही. सासूबाईंना बाईंचा तक्ता वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर पोरी तशाच परत येतात होय गं?" पाटल्या कपाटात गेल्या.

एक राहिलं. भ्रूण एकच सोडायचा की दोन?

लॅबमधून

पाचव्या दिवसाचा चांगला भ्रूण असेल तर एकच, बाकीचे गोठवा. दोन सोडले की जुळ्यांची शक्यता वाढते. जुळ्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं आणि आईचं बीपी, दोन्ही जास्त. निर्णय मॅडमशी बोलून घ्या, भ्रूण बघितल्यावर.

गणिताच्या_बाई

मृणाल, एक वही कर. तारीख, डोस, किती बीजं, किती फळली, सगळं स्वतःच्या हाताने लिही. आणि पिकअप झाला, म्हणजे बीजं काढली, की इथे कळव. कमी मिळाली तरी कळव.