'सॉर्सरी'ला मराठीत काय म्हणायचं, जादू, चेटूक की करणी?

माडाबुडी (मालवण)
पुतणीसाठी एक इंग्रजी गोष्ट मराठीत करतोय, त्यात पानोपानी सॉर्सरी आहे. जादू लिहिलं तर ती म्हणते काका जादू म्हणजे टोपीतनं ससा, मग करणी लिहून आजीला वाचून दाखवलं तर ती भडकलीच, "तिनसांजेक ह्यां नाव घेव नको" म्हणत वहीच मिटवायला लावली. हे शब्द मुळात आले कुठनं? आणि सॉर्सरीच्या जवळचा कुठला?

खाडीपलीकडचा (राजापूर)
जादू फारसीतनं आला पण परका नाही हां, अवेस्तात (पारशांचा जुना धर्मग्रंथ) यातू आणि आपल्या वेदात यातु, सख्खे भाऊच. यातु करणारा तो यातुधान. ऋग्वेदात सातव्या मंडलात (१०४ वं सूक्त) वसिष्ठ चक्क शपथ घेतो, मी यातुधान असेन तर आजच मरेन, आणि माझ्यावर खोटा आळ घेणाऱ्याचे दहा पोर मरोत. म्हणजे कुणीतरी त्याच्यावर आळ घेतला होता. वाडीतली भांडणं तेव्हापासूनची आहेत 😄

कौलारू (वेंगुर्ला)
सॉर्सरीचं मूळ लॅटिन सॉर्स, म्हणजे चिठ्ठी किंवा फासा टाकून निघालेला निकाल. त्यावरनं सॉर्टिआरियस, चिठ्ठ्या टाकून भविष्य सांगणारा, तिथनं फ्रेंचमार्गे इंग्रजीत. एक्सेलमध्ये आपण सॉर्ट मारतो तोपण ह्याच घरातला. मला तर लगेच देवळातला कौल आठवला, गुरव देवाला पाकळ्या नाहीतर तांदूळ चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि उजवं पडतंय का डावं ह्याकडे अख्खा गाव डोळे लावून. पण आपल्याकडे कौलाला कोणी चेटूक म्हणेल का? मारतील. आणि कौल हा शब्द अरबी, अर्थ नुसता 'बोल, वचन'.

उंडी_तेल (रेवदंडा)
करणीवर माझं ऐका. करणी म्हणजे 'केलेलं', बास. अथर्ववेदातली कृत्या (कुणावर तरी केलेलं चेटूक) तीपण त्याच कृ धातूची. गंमत म्हणजे पोर्तुगीजमध्ये चेटकाला फेइतिसू म्हणतात, त्याचं लॅटिन मूळपण 'बनवलेलं, हातानं केलेलं' असंच, आणि इंग्रजी फेटिश (जादूची शक्ती आहे असं मानलेली वस्तू) त्यातनंच निघाला. ह्या किनाऱ्यावर त्यांचं राज्य होतं म्हणून उसना घेतला असं मात्र समजू नका, लोक सगळीकडे सारखाच विचार करतात, आजारी पडलो तर 'कोणीतरी काहीतरी केलंय'. आजी भडकली ते बरोबरच, गोष्टीतली जादू कुणाला लागत नाही पण करणीला नेहमी शेजारचा एक माणूस लागतो. त्यात बाई एकटी असेल तर विचारूच नका. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे तरी आमच्याकडे अजून कुजबुज चालते.

खाडीपलीकडचा (राजापूर)
+१. आणि चेटूक राहिलं की. संस्कृत चेट, चेटक म्हणजे नोकर, हरकाम्या. त्यावरनं चेटूक, मांत्रिकाच्या हुकमात राहून कामं करणारं भूत, मग त्या विद्येलाच ते नाव पडलं.

माडाबुडी (मालवण)
अरे मग झालंच! गोष्टीतल्या म्हाताऱ्याकडे एक मांजर आहे ते त्याची सगळी कामं करतं, अगदी विहिरीचं पाणीसुद्धा आणतं. चेटूक फिक्स. करणी सगळीकडनं खोडतो. आजीला वाचून दाखवेन, पण सकाळी.