काम येतं, पगाराचा आग्रह नाही, तरी 'तुम्ही या जागेसाठी फार मोठ्या' का म्हणतात?

अबोली_क

मी औषध कंपनीत क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागाची प्रमुख होते. रसायनशास्त्रात पीएच.डी., हाताखाली मोठी टीम. आईच्या आजारपणात नोकरी सोडून घरी थांबले. आता परत कामाला लागायचंय, पण प्रमुख म्हणून नाही. रात्री-अपरात्री येणारे फोन, ऑडिटआधीची धावपळ, माणसांच्या रजा आणि रुसवे, हे सगळं पुरे झालं. मला बेंचवर, म्हणजे लॅबच्या टेबलाशी, उभं राहून सॅम्पल तपासायचे आहेत. एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हात अजून बसलेला आहे. म्हणून साध्या अ‍ॅनालिस्टच्या जागांसाठी अर्ज करतेय. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच येत नाही. एका ठिकाणी मुलाखत छान झाली आणि नंतर फोन आला, "मॅडम, तुम्ही या जागेसाठी फार मोठ्या आहात." ज्याला जास्त येतं त्याला कमी काम येणार नाही का? रेझ्युमेमधून पीएच.डी. काढून टाकू?

रानवारा

साहेबाला स्वतःच्या खुर्चीची भीती वाटते, दुसरं काही नाही. काढून टाका पीएच.डी.

दिगंत

खुर्चीची भीती असते, नाही असं नाही. पण सगळं तिथेच संपत नाही. मी बरीच वर्षं लॅबसाठी माणसं निवडतो, म्हणून आतली बाजू सांगतो.

नवा अ‍ॅनालिस्ट आला की आधी एसओपी, म्हणजे कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धती, वाचून होतात, मग एकेका पद्धतीवर त्याचं क्वालिफिकेशन होतं, म्हणजे ती त्याला नीट जमते का हे तपासलं जातं, आणि त्यानंतरच रिपोर्टवर त्याची सही चालते. तोवर एक अनुभवी माणूस त्याच्या शेजारी अडकलेला असतो. हा माणूस चांगली ऑफर मिळून निघून गेला, तर सगळं पहिल्यापासून. वर त्या जागेची मंजुरी दुसऱ्यांदा मिळेलच असं नाही. कित्येकदा जागाच गोठवतात आणि उरलेल्यांवर काम पडतं. त्यामुळे तुमच्याबद्दल 'जमेल का' हा प्रश्न कुणाच्या मनात नसतोच. 'टिकतील का' हा असतो.

याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. रॉबर्ट जॉर्डन या गृहस्थांनी 1996 मध्ये न्यू लंडन शहराच्या पोलीस भरतीची बुद्धिमापन चाचणी दिली. गुण पडले 33. मुलाखतीला बोलावलं ते फक्त 20 ते 27 गुणवाल्यांना, कारण जास्त हुशार माणूस कंटाळून नोकरी सोडेल असा हिशेब! ते कोर्टात गेले आणि 2000 मध्ये अपिलातही हरले. धोरण कदाचित शहाणपणाचं नसेल, पण ते सर्वांना सारखंच लावलंय आणि त्यामागे तर्क आहे, एवढं कोर्टाला पुरलं.

या तर्काचा मला मनापासून राग येतो. माणसाला न विचारता त्याच्या मनातलं ठरवून टाकायचं, हा अन्याय आहे. बेर्रिन एर्दोगान आणि टाल्या बाउअर यांचा 2009 चा अभ्यास आहे. स्वतःला पात्रतेपेक्षा खालच्या कामावर समजणारे लोक जास्त नाराज असतात आणि सोडूनही जातात, हे त्यात दिसलं. पण ज्यांना कामात स्वतः निर्णय घेण्याची मोकळीक होती, त्यांच्यात हा परिणाम बराच कमी होता. म्हणजे बरंचसं मालकाच्या हातात आहे. तो तेवढे कष्ट न घेता सरळ अर्ज बाजूला ठेवतो.

पीएच.डी. मात्र लपवू नका. मधल्या वर्षांचं काय सांगणार? आणि फॉर्मवर सगळं शिक्षण मागितलेलं असेल तर ती खोटी माहिती ठरते. त्यापेक्षा रेझ्युमेचा क्रम बदला. वर दोन ओळी: प्रमुखपद मी स्वतःहून सोडलं, आता बेंचवरचंच काम हवं आहे. त्याखाली उपकरणं आणि पद्धती. पदव्या शेवटी. 'कितीही कमी पगार चालेल' हे वाक्य तर नकोच. ते ऐकलं की तात्पुरती सोय बघताय असं वाटतं. 'जाहिरातीतला पगार मान्य आहे' एवढं म्हणा. 'गरज पडली तर टीमही सांभाळेन' हेही नको, तिथे रानवारा म्हणतात ती भीती जागी होते.

मृण्मयी

लपवण्याबद्दल दिगंत यांना अनुमोदन. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई भरतीत उमेदवार पदवीधर नसावा अशी अट होती. एकाने पदवी लपवली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2020 मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध लागला. तुमच्या जाहिरातीत अशी अट नसेल, तरी लपवलेलं बाहेर आलं की विश्वास जातो तो जातोच.

अबोली_क

खूप आभार. आईबद्दल सांगावं का?

दिगंत

कारण सांगा, तपशील नको. 'घरची जबाबदारी होती, आता व्यवस्था लागली आहे' एवढं पुरे, आणि ते खरं असेल तरच. जुन्या साहेबांपैकी कुणी तुमच्यासाठी फोन करायला तयार असेल तर जरूर करायला सांगा. माहितीतला माणूस 'ती खरंच बेंचवर रमते' असं म्हणाला, की त्याला माझ्या लेखी मोठं वजन असतं.

अजून एक. वर्षभरात तिथलीच प्रमुखाची जागा रिकामी झाली तर काय कराल, हे विचारतीलच. मी तर प्रत्येकाला विचारतो. त्याचं उत्तर आधी स्वतःशी नक्की करून जा.