ई-फ्लो: किमान प्रवाह की पर्यावरणीय प्रवाह?

भाषांतरी: गंगेच्या २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेचा सारांश करतोय. ई-फ्लोला, म्हणजे नदी जिवंत राहावी म्हणून पात्रात ठेवायच्या पाण्याला, 'किमान प्रवाह' लिहिलं, तपासणाऱ्याने खोडलं. हरिद्वारच्या भीमगोडा बंधाऱ्याखाली ऑक्टोबर ते मे ३६ क्युमेक (सेकंदाला घनमीटर) सोडायचेच, म्हणजे किमानच ना?

पाटकरी: भीमगोड्यापुरतं चालेल. पण उगमापासून हरिद्वारपर्यंत टक्केवारी आहे: नोव्हेंबर-मार्च २०, ऑक्टोबर आणि एप्रिल-मे २५, जून-सप्टेंबर ३०. आधीच्या दहा दिवसांत जो प्रवाह दिसला, त्यावर हिशोब. 'किमान' वाचून कुणी वर्षभर दार एकाच उघडीवर ठेवलं तर सगळं मुसळ केरात. आणि क्युमेक जपून. क्युसेक (सेकंदाला घनफूट) छापलंत तर पाणी पस्तीसपट घटलं.

डोहकाठी: 'आवर्तन' का नको? शेतकऱ्याला चटकन कळतं.

पाटकरी: आवर्तन कालव्याचं. पाळी संपली की दार बंद. नदीत असं एकदम बंद केलं की पाणी झरकन उतरतं आणि मासे खळग्यांत अडकतात. दार टप्प्याटप्प्यानेच खाली आणायचं.

काना-मात्रा: आवर्तन 'वृत्' धातूवरून, फिरून येणं. दरवर्षीचा पूरही फिरूनच येतो की! 'पर्यावरणीय' हा सरकारी कारखान्यातला शब्द. 'जीवनप्रवाह' म्हणा, जीवन म्हणजे पाणीच.

डोहकाठी: वधूवर मंडळाचं मासिक वाटतं. पण पुराचा मुद्दा खरा. अमेरिकेतल्या ग्लेन कॅन्यन धरणातून १९९६मध्ये सात दिवस सुमारे १,२७० क्युमेक सोडले, कोलोरॅडोकाठी वाळूचे दांडे पुन्हा उभारायला. पुष्कळसे लवकरच झिजले, कारण धरण वाळू अडवतं. म्हणून पुढचे पूर पारिया उपनदीने वाळू आणल्यावर सोडले. याला किमान कोण म्हणेल?

भाषांतरी: मग 'विसर्ग'?

पाटकरी: विसर्ग धरणाच्या दाराशी मोजतात. खाली कोल्हापुरी बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या काढत्या-घालत्या फळ्या) घातलेले असतील तर विसर्ग कागदावर पुरा आणि पुढचं पात्र कोरडं.

काना-मात्रा: बर्गा पोर्तुगीज 'व्हर्गा'वरून आला असावा.

डोहकाठी: सरळ 'बरगडी'शी नातं लावा ना. आणि तो 'बरगा', जोडाक्षर कशाला?

काना-मात्रा: बोलताना र पूर्ण ऐकू येतो म्हणून लिहायचाही पूर्ण? मग 'सरकार'चं काय करता?

भाषांतरी: एखादा बर्गा काढून पाणी पुढे देता येतं का?

पाटकरी: जुन्या बंधाऱ्यांत बर्ग्यांच्या दोन ओळी, मधे माती. एक उपसला की माती धुऊन जाते, मग गळती आवरत नाही. नळीचा वेगळा मार्ग बांधतानाच ठेवावा लागतो.

काना-मात्रा: 'नळी' की 'मोरी'?