मदत हवी आहे: जुन्या लिस्टर टाइप इंजिनचा ओव्हरसाइज पिस्टन

६ एचपी, ६५० आरपीएम, सिंगल सिलिंडर डिझेल. हँडल हलकं फिरतं, कॉम्प्रेशन धरत नाही. इनलेटमधून चमचाभर ऑइल सोडलं की लगेच पकडतं, म्हणजे गळती व्हॉल्व्हची नाही, पिस्टनच्या रिंगांची. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ११४.३ मिमी, वरच्या रिंगेच्या जागी ११४.६ भरतोय, नखाला कड लागते. नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर त्या कडेवर आपटून तुटतील. म्हणून ०.५ मिमी ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा तेवढा मोठा) पिस्टन, रिंगा आणि गजन पिन (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी) असा सेट पाहिजे; पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर त्या मापाला बोअर करून मोठा करायचा नाही. अमरावती, अकोला, नागपूरमध्ये कुठे मिळेल? नाहीच मिळाला तर ब्लॉकला स्लीव्ह (आतून बसवायची नळी) ठोकून स्टँडर्ड पिस्टन बसवणारा भरवशाचा लेथवाला सांगा जी. घाई आहे, पाणी याच इंजिनावर; मोर्शीकडे आंबिया बहाराची संत्री पाण्यावर आलीत.